पँथिअनच्या माथ्यावरील कांशाची कड

घुमटाची कीर्ति त्याच्या उंचीवर आणि रुंदीवर होते. परंतु त्याचें आयुष्य ठरतें तें त्याच्या कडेवर. छप्पर जेथें संपतें तेथें पाण्याचें राज्य सुरू होतें, ही गोष्ट पावसाळ्यांत जुन्या घराच्या वळचणीखालीं उभें राहून ज्यानें पागोळ्या पाहिल्या आहेत त्याला निराळी सांगावयास नको. सरळ कडेवर धातूचा पत्रा वळवून बसविणें हें साधें काम होय. तीच कड वर्तुळाकार झाली, आणि तीहि जमिनीपासून ४३ मीटर उंचीवर, म्हणजे त्या साध्या कामाचें शास्त्र बनतें. रोम शहरांतील पँथिअन या वास्तूच्या माथ्यावर अशी एक कड आहे. ती कांशाची आहे. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं ती तेथें बसविली गेली आणि ती अद्याप जागेवर आहे. तिच्या खालीं घुमटावर पसरलेलें सारें कांसें मात्र गेलें. तें कोणीं नेलें, त्याच्या जागीं काय आलें, आणि धातूच्या या पातळ चिलखतावर एवढ्या थोरल्या वास्तूचें काय अवलंबून होतें, हें पाहण्यासारखें आहे.

पँथिअन म्हणजे सर्व देवांचें मंदिर. त्याच्या दर्शनी भागावर मार्कस आग्रिप्पा याचें नांव ठळक अक्षरांत कोरलेलें आहे. आणि म्हणून कित्येक शतकें ही वास्तु आग्रिप्पाचीच, म्हणजे इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांतील, असें मानीत. वस्तुतः आग्रिप्पाचें मंदिर इसवी सन ८० च्या आगींत सांपडलें. त्याचा जीर्णोद्धार झाल्यावर तें ११० च्या सुमारास वीज पडून पुन्हां जळालें. आज उभी असलेली वास्तु त्यानंतर बांधली गेली आणि हाड्रिअन बादशहाच्या कारकीर्दींत, १२५ ते १२८ च्या दरम्यान, पुरी झाली. हा उलगडा झाला तो १८९२ मध्यें. जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञानें भिंतींतील विटांवरचे शिक्के तपासले, तेव्हां ते आग्रिप्पाच्या काळचे नसून दुसऱ्या शतकांतील आहेत असें आढळलें. नवें मंदिर बांधून हाड्रिअननें त्यावर जुन्या कर्त्याचेंच नांव ठेविलें होतें. विटा बोलल्या तेव्हां शिलालेख खोटा ठरला नाहीं; त्याचा अर्थ तेवढा उमगला.

या मंदिराचा गाभा म्हणजे एक वर्तुळाकार दालन, आणि त्यावर अर्धगोल घुमट. घुमटाचा आंतील व्यास ४३ मीटरांहून थोडा अधिक असून जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीहि तितकीच आहे. म्हणजे एक भला मोठा चेंडू या दालनांत बरोबर बसावा. घुमट चुन्याच्या व ज्वालामुखीच्या राखेच्या काँक्रीटचा असून त्यांत लोखंडाची सळई नाहीं. वजन कमी करण्याची युक्ति अशी केलेली आहे कीं, तळाशीं काँक्रीटमध्यें जड दगड घातला, वर चढतां चढतां विटांचे व हलक्या दगडांचे तुकडे वापरले, आणि अगदीं माथ्याशीं पाण्यावर तरंगणारा प्यूमिस दगड घातला. जाडीहि तशीच उतरत गेली आहे : तळाशीं ६ मीटरांहून अधिक, आणि माथ्याशीं अवघी १.२ मीटर. असा सळईवांचूनचा, एवढ्या विस्ताराचा काँक्रीटचा घुमट जगांत दुसरा नाहीं.

परंतु या घुमटाची खरी विशेषता म्हणजे तो माथ्यावर मिटलेला नाहीं. तेथें सुमारें ८ ते ९ मीटर व्यासाचें एक गोल तोंड उघडें ठेविलें आहे. दालनाला दरवाज्याखेरीज प्रकाश मिळतो तो तेवढ्या एका डोळ्यांतून. सूर्य फिरतो तसा प्रकाशाचा गोल कवडसा भिंतीवरून व फरशीवरून सरकत जातो. पाऊस आला म्हणजे तोहि त्याच वाटेनें आंत येतो. फरशी किंचित् फुगीर असून पाणी वाहून जाण्यासाठीं तिच्यांत छिद्रें आहेत. अर्थात् जें पाणी सरळ खालीं पडतें त्याची सोय बांधणारानें आधींच करून ठेविली होती. खरी धास्ती असते ती सरळ न पडणाऱ्या पाण्याची.

पाण्याचा एक स्वभाव असा कीं, तें पृष्ठभागाला चिकटून चालतें. भांड्यांतून हळू ओतलेलें दूध धारेनें न पडतां भांड्याच्या बाहेरच्या अंगावरून ओघळतें, हा अनुभव प्रत्येक स्वयंपाकघरांत येतो. म्हणून तर तपेलीला चोच काढावी लागते. उघड्या तोंडाच्या कडेवर पडलेला थेंबहि असाच आंत वळतो, कडेच्या उभ्या अंगावरून उतरतो आणि छताच्या आंतल्या बाजूनें सरकूं लागतो. घुमटाचा सर्वांत पातळ व हलका भाग तेथेंच आहे. आणि त्या तोंडाभोंवतीं उभ्या लावलेल्या विटांचें जें कडें आहे, त्याच्यावर साऱ्या घुमटाचा दाब येऊन ठेपतो. घुमट आंत कोसळूं पाहतो, आणि हें कडें त्याला चोहोंकडून दाबून धरतें. त्याच्या सांध्यांतून वर्षानुवर्षें पाणी झिरपूं लागलें तर चुना धुपत जाईल, आणि एखाद्या कडक हिवाळ्यांत मुरलेलें पाणी गोठलें तर तें फुगून सांधे उकलील. कडेवर बाहेर डोकावणारी धातूची पट्टी असली म्हणजे मात्र थेंब तिच्या टोकाशीं येऊन सुटतो व मोकळ्या हवेंतून थेट फरशीवर पडतो. पागोळी भिंतीपासून दूर पाडावी हाच तो वळचणीचा नियम. फरक इतकाच कीं, ही वळचण घराच्या बाहेर नसून घराच्या मधोमध आहे.

आतां अशी पट्टी वर्तुळावर बसवावी कशी? सरळ कांठावर लांबच लांब पत्रा काटकोनांत वळवितां येतो. वर्तुळाच्या कांठावर पत्र्याचा उभा भाग सहज वाकतो. आडवा भाग अडतो. कारण आडव्या भागाची आंतली कड लहान वर्तुळाची असते व बाहेरची मोठ्या वर्तुळाची. पट्टीची रुंदी १ मीटर धरली तर बाहेरची कड आंतल्या कडेपेक्षां ६.२८ मीटर अधिक लांब भरते. आणि नवल असें कीं, वर्तुळ लहान असो कीं मोठें असो, हा फरक तेवढाच राहतो. पँथिअनच्या तोंडाचा घेर सुमारें २७ मीटर. म्हणजे मीटरभर रुंद पट्टींत बाहेरच्या कडेला जवळजवळ एकचतुर्थांश लांबी जास्त लागते. ती आणावी कोठून?

याला तीन उपाय आहेत, आणि तिन्ही फार जुने आहेत. पहिला, पत्र्याचे पाचरीच्या आकाराचे तुकडे कापून ते एकमेकांवर थोडे चढवीत जाणें. दुसरा, आंतल्या कडेला चुण्या घालणें. सपाट पानाचा द्रोण करतांना कोपरे दुमडून काडी टोंचतात तो हाच प्रकार. तिसरा, बाहेरची कड ठोकून ठोकून पातळ करीत लांबविणें. पुण्याच्या तांबट आळींत मठारकाम करणारे कारागीर सपाट पत्र्याचा घंगाळासारखा गोल आकार काढतात, तेव्हां प्रत्येक ठोक्याबरोबर धातु असाच थोडथोडा सरकत असतो. घुमटाचा प्रश्न तर कडेपेक्षांहि बिकट. पत्रा नळीवर गुंडाळतां येतो, पण चेंडूवर चपखल बसत नाहीं. कोठें तरी तो सुरकुततो किंवा फाटतो. कार्ल फ्रीड्रिख गाउस या जर्मन गणितज्ञानें १८२७ मध्यें या गोष्टीची सिद्धता दिली : सपाट पृष्ठभाग ताणल्यावांचून वा चुरडल्यावांचून गोलावर बसणें अशक्य आहे. रोमन कारागिरांना ही सिद्धता ठाऊक नव्हती, परंतु अडचण पुरी ठाऊक होती. म्हणून त्यांनीं घुमट अखंड पत्र्यानें न मढवितां कांशाच्या कौलांनीं मढविला. कौल लहान असलें म्हणजे गोलाईचा दोष प्रत्येकाच्या वांट्याला इतका अल्प येतो कीं, तो सांध्यांत जिरून जातो.

सांधे ठेवण्याचें आणखी एक कारण आहे, तें म्हणजे ऊन. धातु तापला कीं वाढतो आणि निवाला कीं आक्रसतो. २७ मीटर घेराचें कांशाचें कडें अखंड ओतलें असें क्षणभर मानलें, तर थंडी व ऊन यांच्या ४० अंश फरकांत त्याचा घेर जवळजवळ २ सेंटिमीटर कमीजास्त होईल. खालचें काँक्रीट तितकें हलत नाहीं. मग एक तर खिळे उपटतील, नाहीं तर पत्रा फुगून फाटेल. म्हणून छपरावरचा धातु घट्ट जखडावयाचा नसतो; त्याला जागेवर धरून ठेवावयाचें, पण श्वास घेण्यापुरती मोकळीक द्यावयाची. शिवाय त्याला खिळेहि त्याच्याच जातीचे हवेत. कांसें किंवा तांबें आणि लोखंड हीं ओलाव्यांत एकत्र आलीं कीं लोखंड झपाट्यानें गंजतें, आणि पत्रा शाबूत असतांना त्याचे खिळे नाहींसे होतात.

कांशाचा गुण असा कीं, हवेंत राहून तें हळूहळू हिरवट पडतें व तेथेंच थांबतें. कल्हई उडालेल्या भांड्यांत ताक ठेवलें म्हणजे तें कळकतें. त्या वेळीं चढणारा हिरवा कळंक हा माणसाच्या पोटाचा शत्रु असला, तरी छपराच्या पत्र्यावर असाच एक हिरवा थर त्याचा रक्षक होतो. तो थर आंतल्या धातूला झांकून ठेवतो. पण कांशाचा दुसराहि एक गुण आहे, आणि तोच पँथिअनच्या मुळावर आला : तें वितळवून त्याचें वाटेल तें करतां येतें. छपरावर पाणी अडविणारें कांसें भट्टींत गेलें कीं त्याचें नाणें होतें, घंटा होते, तोफ होते. छप्पर बांधणाऱ्याला तें चिलखत दिसतें. खजिना रिकामा झालेल्या राजाला ती खाण दिसते.

रोमची सत्ता ढळली, लोकवस्ती आटली, जुनीं मंदिरें ओस पडलीं. पँथिअन वांचलें याचें एक कारण म्हणजे तें वापरांत राहिलें. कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट फोकास यानें ही वास्तु पोप बोनिफेस चौथा याला दिली, आणि ६०९ मध्यें तिचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर झालें. सर्व देवांचें घर हुतात्म्यांचें व मेरीचें घर बनलें. ज्या काळांत इतर मंदिरांचे दगड लोक घरें बांधावयास उचलून नेत होते, त्या काळांत या घराला कोणी धनी होता.

परंतु धन्याहून मोठा धनी आला तर काय? ६६३ च्या जुलै महिन्यांत सम्राट कॉन्स्टन्स दुसरा रोमला आला. पश्चिमेकडील साम्राज्य ४७६ मध्यें संपल्यानंतर त्या नगरींत पाय ठेवणारा हा पहिला सम्राट. पोप व्हिटालिअन यानें त्याचें स्वागत केलें. सम्राटानें देवालयांत भेटी अर्पण केल्या. त्याचा मुक्काम अवघा १२ दिवसांचा. तेवढ्या अवधींत शहरांतील कांशाचे जुने अलंकार त्यानें उतरवून घेतले आणि पँथिअनच्या घुमटावरचीं कांशाचीं कौलेंहि काढून नेलीं. लाँबर्ड लोकांचा इतिहास लिहिणाऱ्या पॉल डीकन यानें पुढल्या शतकांत ही हकीकत नमूद करून ठेविली आहे. सम्राट स्वतः ख्रिस्ती, मंदिर ख्रिस्ती, आणि दानपत्र त्याच्याच गादीवरील एका सम्राटाचें. परंतु एका बाजूस लाँबर्ड व दुसऱ्या बाजूस अरब यांच्याशीं झगडणाऱ्या राज्याला धातूची गरज होती. शत्रूंनीं रोम यापूर्वीं अनेकदां लुटलें होतें. घुमटाची कौलें मात्र रोमच्याच सम्राटाच्या हातून गेलीं.

तीं कौलें कॉन्स्टँटिनोपलला पोंचलींच नाहींत. सम्राट सिसिलींत सिराक्यूज येथें जाऊन राहिला, आणि ६६८ मध्यें तेथेंच स्नानगृहांत त्याचा खून झाला. पुढें अरबांच्या आरमारानें सिराक्यूजवर छापा घातला आणि रोमहून आणलेला तो कांशाचा साठाहि नेला, असें डीकन सांगतो. यांत दैवाचा एक विलक्षण खेळ आहे. आग्रिप्पाच्या मूळ पँथिअनमधील खांबांचे माथे सिराक्यूजच्या कांशाचे होते, अशी नोंद पहिल्या शतकांतील प्लिनीनें केली आहे. सिराक्यूजचें कांसें एकदां रोमच्या गौरवासाठीं पँथिअनमध्यें आलें. सहाशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर पँथिअनचें कांसें सिराक्यूजला गेलें, तें कोणाच्याच उपयोगीं न पडण्यासाठीं.

इकडे घुमट उघडा पडला. काँक्रीट दगडासारखें दिसलें तरी पाण्याला तें अभेद्य नसतें. आणि या घुमटाच्या खालच्या भागांत तर स्वतःच्या भारानें उभ्या भेगा पडलेल्या आहेत. घुमटाचें आवरण पुन्हां झालें तें पोप ग्रेगरी तिसरा याच्या वेळीं, ७३५ च्या सुमारास. मध्यंतरीं सत्तर वर्षें गेलीं होतीं. ग्रेगरीनें कांसें आणलें नाहीं. त्यानें शिसें चढविलें.

शिसें हा गरिबांचा धातु खरा. पण गोल छपराला त्याच्यासारखा आज्ञाधारक धातु नाहीं. तें इतकें मऊ कीं, लांकडी हातोड्यानें थापटून वाटेल त्या वळणावर बसवितां येतें. ज्या चुण्या कांशाला भट्टी व ऐरण यांवांचून घालतां येत नाहींत त्या शिशाला थंडच्या थंड घालतां येतात. ३२७ अंशांवर तें वितळतें, म्हणून छपराच्या शेजारींच ओतकाम करतां येतें. हवेंत त्यावर करडा थर चढतो आणि तो त्याचें रक्षण करतो. परंतु मऊपणाचा मोबदला त्याला द्यावा लागतो. कांशापेक्षां तें दीडपट अधिक प्रसरण पावतें, आणि एकदां वाढलें कीं स्वतःच्या वजनानें खालीं ओघळतें. निवल्यावर मूळ जागीं परत येत नाहीं. प्रत्येक उन्हाळ्याला तें केसभर उतरतें. म्हणून शिशाचे पत्रे लहान ठेवावे लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्यांची डागडुजी करीत राहावें लागतें. त्याचें विषहि जुनेंच ठाऊक आहे. शिशाच्या नळांतून पाणी आणूं नये, त्याचें काम करणाऱ्या कारागिरांचे चेहरे पांढरेफटक पडतात, असें व्हिट्रूव्हिअस यानें आग्रिप्पाच्याच काळांत लिहून ठेविलें होतें. पाणी अडविणारा धातु आणि पाणी बिघडविणारा धातु एकच, हें त्या कारागिरांच्या अंगावर उमटत होतें. पँथिअनवर आजहि आवरण आहे तें शिशाचेंच.

घुमटाचें कांसें गेलें, तरी पुढल्या देवडीचें शिल्लक होतें. देवडीच्या छपराखालीं कांशाच्या कैच्या होत्या. रोमन कारागिरीचा असा दुसरा नमुना कोठें उरला नव्हता. १६२५ मध्यें पोप अर्बन आठवा यानें त्या काढून घेण्यास आरंभ केला. तो बार्बेरिनी घराण्यांतला. काढलेलें बहुतेक कांसें सांत आंजेलो किल्ल्यासाठीं तोफा ओतण्यांत खर्चीं पडलें. रानटी टोळ्यांना जें साधलें नाहीं तें बार्बेरिनींनीं साधलें, अशी नांवावरची कोटी रोमभर झाली आणि ती आजतागायत टिकली आहे. १६३२ मध्यें देवडींत बसविलेल्या शिलालेखांत या कृत्याचें समर्थन कोरलेलें आहे. निरुपयोगी अलंकार उपयोगाला लावले, असा त्याचा भावार्थ. त्याच काळांत देवडीवर घंटेचे दोन मनोरे उठविण्यात आले. लोकांनीं त्यांना गाढवाचे कान म्हटलें, आणि १८८३ मध्यें ते पाडून टाकण्यांत आले. तोफा गेल्या, मनोरे गेले. कैच्यांची जागा साध्या लांकडांनीं घेतली.

एवढें सगळें होऊन माथ्यावरच्या तोंडाभोंवतींचें कांसें राहिलें. ज्या घुमटावरून सम्राटानें कौलें उतरविलीं, त्याच घुमटाच्या डोळ्याभोंवतीं हाड्रिअनच्या काळची कड आहे तशी आहे. तिच्याखालीं १५२० मध्यें राफाएल या चित्रकाराला मूठमाती मिळाली. १८७८ मध्यें एकीकृत इटलीचा पहिला राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा याला तेथेंच पुरण्यांत आलें. यात्रेकरू व प्रवासी वर पाहतात तेव्हां त्यांना आकाश दिसतें, कड दिसत नाहीं. तिचें काम नीट चाललें आहे याची हीच खूण म्हणावयाची.

निरुपयोगी अलंकार कोणता आणि उपयोगाची वस्तु कोणती, याचा निवाडा अर्बननें शिलालेखावर केला. कालानें तो निराळा केला. कांशाची तोफ एका युद्धापुरती, फार तर एका शतकापुरती. कांशाची कड एकोणीस शतकें पाणी खालीं सोडीत आली आहे. मोठ्या वास्तूंचे कर्ते इतिहासांत नांवानें राहतात, आणि त्यांचे लुटारूहि राहतात. परंतु पत्र्याची बाहेरची कड ठोकून ठोकून लांबविणारा, सांध्यांत उन्हापुरती मोकळीक ठेवणारा, आणि नंतर प्रत्येक पिढींत वर चढून ओघळलेलें शिसें पुन्हां बसविणारा कारागीर कोठल्याहि शिलालेखांत नाहीं. वळचणीचें पाणी आढ्याला चढत नाहीं असें मराठींत म्हणतात. तें न चढण्याची तजवीज मात्र कोणी तरी करून ठेविलेली असते, आणि ती पुन्हां पुन्हां करावी लागते. पँथिअन उभें आहे तें जितकें हाड्रिअनच्या घुमटामुळें, तितकेंच त्या तजविजीमुळें.